चिमाजी ढेब्याचा उजवा हात

तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याच्या वर अर्ध्या कोसावर धनगरांची सात घरं होती. त्या सात घरांत एक माणूस असा होता, की पानशेतपासून सारोळ्यापर्यंतचे लोक आपली मोडकी माणसं डोलीत घालून, बैलगाडीत घालून, नाहीतर सरळ पाठीवर मारून त्याच्या दारात आणत. चिमाजी ढेबे, हाडवैद. निखळलेला खांदा आणा, मोडलेली मांडी आणा, उलटं झालेलं मनगट आणा. भोर संस्थानात तेव्हा राजे होते, दिवाण होते, मामलेदार होते. पण हाड मोडल्यावर माणसाला यांतलं कुणी आठवत नसे. चिमाजी आठवे.

विद्या घराण्यातली. बापानं मुलाला द्यायची, मुलानं त्याच्या मुलाला. मोबदला घ्यायचा नाही, घेतला तर हाताचा गुण जातो. फक्त एक नारळ घ्यायचा, आणि तोही त्याच दिवशी बिरोबापुढं फोडून आल्यागेल्याला वाटायचा. हा नेम ढेब्यांच्या पाच पिढ्यांनी पाळला होता, आणि चिमाजीला त्याचा असा अभिमान होता की ऐकणाऱ्याला कधीकधी त्याचा कंटाळा येई.

एकच पंचाईत होती. विद्या द्यायची तो मुलगा म्हादू. म्हादू मनानं देवमाणूस, म्हशींचा लाडका. पण हाड कडकन वाजलं की त्याला घेरी यायची. एकदा तर विंझरचा एक म्हातारा पाय बसवून घेऊन आपल्या गाडीत जाऊन बसला, तरी म्हादूच्या नाकाला कांदा लावणं चाललेलंच होतं. त्यामुळं तेल कोमट करणं, हाड सांधणारी कांडवेल वाटणं, बांबूच्या कांबट्या तासणं ही कामं म्हादूची बायको पारू करायची. पानशेतकडच्या धनगरवाड्यावरची पोर. बोलायची कमी, बघायची फार. सासऱ्याच्या मागं तेलाची वाटी घेऊन उभी राहायची, आणि ती तिथं आहे हे चार वर्षांत कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

समुद्रापलीकडं मोठी लढाई सुरू झाली त्या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. चिमाजी ओढ्यावर म्हशीला पाणी दाखवायला गेला. दावं हाताला गुंडाळून घेतलं होतं. असं करून हात मोडून घेतलेली किमान वीस माणसं त्यानं स्वतः बरी केली होती आणि प्रत्येकाला वेडा म्हटलं होतं. म्हैस कशाला तरी बुजली, उधळली, आणि तिनं आपल्या वैद्यबुवांना दगडांवरून दहा हात फरफटत नेलं. उजव्या हाताची, कोपर आणि मनगटाच्या मधली दोन्ही हाडं मोडली.

आता इथं कुणीही शहाणा माणूस घरी आला असता. पण चिमाजी ढेब्याचा हात दुसऱ्या कुणी बसवायचा, ही गोष्टच त्याला सोसवेना. त्यानं तेच दावं जांभळीच्या बुंध्याला बांधलं, दुसरं टोक मोडक्या मनगटाला, आणि मागं रेलून हात ओढला. डाव्या अंगठ्यानं हाडं दाबली. पटका दातांनी फाडून गुंडाळला. मग चालत घरी आला आणि बायकोला म्हणाला, "बये, ताक दे."

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. सोताचा हात सोता बसवला! विंझरच्या पारावर तीच गोष्ट, वेल्ह्याच्या बाजारात तीच. सारोळ्याला तर ती पोचेपर्यंत म्हशीचा वाघ झाला होता. माणसं नुसता हात बघायला डोंगर चढून येऊ लागली. चिमाजी पट्टीतला हात मांडीवर ठेवून बसे आणि म्हणे, "त्यात काय एवढं."

सव्वा महिन्यानं पट्टी सुटली. चिमाजीनं हात फिरवून बघितला आणि पुन्हा फिरवून बघितला. हाड जुळलं होतं, पण वाकडं जुळलं होतं. मनगटाच्या वर बोटभर उंचवटा, आणि तळवा आभाळाकडं पुरता वळेना. अर्ध्यात अडकायचा. हाडं बसवणाऱ्याचं सगळं बळ त्या वळणात असतं. ओढायला रेडाही ओढतो. ओढून नेमक्या घटकेला मनगट फिरवायचं, ते फिरवणं गेलं.

उपाय काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चुकीचं जुळलेलं हाड पुन्हा मोडायचं आणि नीट बसवायचं. तीन महिन्यांच्या आत. त्यानंतर ते असं पक्कं होतं की कुणाच्या बापाला मोडत नाही. हे त्यानं उभ्या आयुष्यात शंभर जणांना बजावलं होतं. आता त्याच्यापाशी पन्नास दिवस होते, आणि त्यानं ते कसे घालवले ते ऐका.

हात घोंगडीखाली ठेवायला लागला. डाव्या हातानं जेवायला लागला आणि कुणी विचारलं तर म्हणे, सवय लागली. मोडकं माणूस दारात आलं की आज अमावस्या आहे, आज वार बरा नाही, आज माझं अंग कसकसतंय. दोन माणसं त्यानं अशीच परत लावली. एकाला तर उन्हात बसवून ठेवलं आणि स्वतः मागच्या दारानं म्हशींमागं निघून गेला. रोज सकाळी मनाशी म्हणायचा, अजून मुदत आहे. बघू. थोडं तेल चोळलं तर वळेलही. वळत नव्हता, हे त्याला ठाऊक होतं.

आणि डोकं! त्याच्या डोक्याचा पार गढूळ डोह झाला होता. ताक आंबट झालं म्हणून बायकोवर ओरडायचा, गोड झालं म्हणूनही ओरडायचा. म्हशी मोजताना चुकायचा. ज्या माणसाला दारातनं येणाऱ्याच्या नुसत्या चालीवरून कुठलं हाड दुखतंय ते कळायचं, त्याला आता समोर बसलेल्याचं बोलणं धड ऐकू यायचं नाही. सगळा वेळ एक गोष्ट लपवण्यात जात असेल, तर माणसाकडं दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. बयाबाईला वाटलं नवऱ्याला कुणाची दृष्ट लागली. तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. तिच्यावरही ओरडला.

तीन महिने भरायला बारा दिवस उरले असताना विंझरचा हैबती आला. पेंढ्याच्या गंजीवरून पडलेला, खांदा निखळून खाली लोंबतोय, तोंड पांढरंफटक. धाकटा भाऊ गेनबा त्याला धरून घेऊन आला होता. चिमाजीनं वाराचं काढलं. बयाबाई दारात उभी होती. चाळीस वर्षांत नवऱ्याला चारचौघांत न बोललेली बाई त्या दिवशी बोलली.

"माणूस दारात तळमळतंय आन् तुमी वार बघता व्हय? शोभतं का ढेब्याच्या घराला?"

बसावं लागलं. हैबतीला घोंगडीसमोर जमिनीवर निजवलं. गेनबानं भावाची कंबर धरली आणि मान दुसरीकडं वळवली, त्याला बघवत नव्हतं. चिमाजीनं हैबतीच्या काखेत टाच रोवली, हात धरला, ओढला आणि फिरवायला गेला. तळवा अर्ध्यात अडकला. हैबती ओरडला. पुन्हा ओढला. पुन्हा तेच. हैबतीनं डोळे घट्ट मिटून अशी किंकाळी फोडली की गोठ्यातल्या म्हशी दावणीला हिसके द्यायला लागल्या. चिमाजीच्या कपाळावरनं घाम गळत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला पुढं काय करायचं ते कळत नव्हतं.

तेवढ्यात मागनं तेलाची वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. डोईवरचा पदर दातात धरून पारू पुढं झाली, सासऱ्याच्या हातातलं हैबतीचं मनगट तिनं काढून घेतलं आणि हलकेच बाहेर वळवलं. खट. खांदा जागेवर. लगेच ती मागं सरली, वाटी उचलली, जशी होती तशी उभी.

हैबतीनं डोळे उघडले. समोर चिमाजी. "आबा! आबा, देव हायसा तुमी!" म्हणत त्यानं पायांवर डोकं ठेवलं. गेनबानं पिशवीतला नारळ काढून पुढं केला. आता बोलायचं. एवढंच म्हणायचं, की बाबा, हे मी केलं नाही. चिमाजीनं नारळ घेतला.

तो नारळ त्या दिवशी फुटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाच पिढ्यांत पहिल्यांदा ढेब्यांच्या घरात नारळ फळीवर बसून राहिला. "फोडायचा न्हाई व्हय?" बयाबाईनं विचारलं, तर "फोडू" म्हणाला आणि बाहेर गेला. पारू मात्र एक अक्षर बोलली नाही. भाकरी वाढली, पाणी ठेवलं, चुलीपुढं बसली. ती चिडली असती, मिरवली असती, शेजारणीपाशी बोलली असती, तर चिमाजीला बरं वाटलं असतं. निदान तिच्यावर रागावता आलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती गोठ्यात शेण काढत होती तेव्हा तो गेलाच रागवायला.

"कुणाला इचारून हात घातलास गं त्या दिशी?"

पारूनं पदर सावरला. मान खाली. "मामा, तुमचा तळवा फिरत न्हाई."

दीड महिन्यात हे वाक्य कुणी त्याच्यापुढं उच्चारलं नव्हतं, त्यानं स्वतःसुद्धा नाही. ऐकायला ते केवढं लहान होतं.

"कवापासनं म्हाईत हाय तुला?"

"पट्टी सोडली तवापासनं. बिरोबाचा भंडारा तळव्यावर घेताना सांडला तुमच्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमाला म्हाईतच व्हतं की."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. साधं सांगितलं होतं. आणि चिमाजी गोठ्याच्या मेढीला टेकून खाली बसला. व्हय की. म्हाईतच व्हतं. इतके दिवस आपण कुणापासून लपवत होतो? लोकांना माहीत नव्हतं, त्यांना काय फरक पडत होता? आपल्यालाच आपल्यापासून लपवायचं होतं, आणि ते तर एक दिवसही जमलं नाही. मुदत संपायची वाट बघत होतो आपण. एकदा हाड पक्कं झालं की मग काय, इलाजच नाही, सुटलो. हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग, कित्येक दिवसांनी, डोक्यात लख्ख उजेड पडल्यासारखं झालं. गोठ्यात किती म्हशी आहेत तेसुद्धा त्यानं मोजलं. अकरा. बरोबर.

"आजवर कुणाकुणाची हाडं बसवलीस?"

"शेरडांची. सात शेरडं, एक वासरू. आन् त्या दिशी हैबतीदादा."

"शेरडं लंगडत न्हाईत?"

"तुमी रोज बघता की त्येंला. तुमाला तरी कुठं कळलं?"

चिमाजीला एवढ्यातही हसू फुटलं. मग म्हणाला, "माझा हात बसवशील?"

पारूनं शेणाची पाटी खाली ठेवली. "बसवायच्या आदी मोडावा लागंल."

"त्ये मला शिकवू नगंस."

"आन् पाय लावावा लागंल, मामा."

खरी अडचण ही होती. कोपराच्या खाली लाकूड ठेवायचं, दंडावर पाय रोवून हात दाबून धरायचा, आणि दोन्ही हातांनी जोर करायचा. दुसरी रीत नाही. ज्या सुनेनं सासऱ्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही, समोर बसायचं नाही, तिनं त्याच्या अंगावर पाय द्यायचा. चिमाजी उठला. "परवा बाजार हाय. माणसं हिकडनंच जात्यात. तवाच करू," म्हणाला. "लपून केलं त्येचं फळ बघितलं म्या."

बाजाराच्या दिवशी सकाळी अंगणात सातही घरं गोळा झाली. हैबती आणि गेनबाला निरोप धाडला होता, तेही आले. वेल्ह्याला निघालेले दहाबारा लोक काय चाललंय म्हणून थांबले. चिमाजी फळीवरचा नारळ घेऊन बाहेर आला.

"हैबती, तुझा खांदा म्या न्हाई बसवला. ह्या पोरीनं बसवला. म्या गप बसून नारळ घेतला. आन् दुसरी गोष्ट. सोताचा हात सोता बसवला म्हणून तुमी माझं नाव केलं, त्यो हात वाकडा बसलाय. ह्यो बघा." त्यानं घोंगडी बाजूला टाकली आणि हात पुढं केला. तळवा वळवून दाखवला, जिथं अडकायचा तिथं अडकला. "आता त्यो हात ही पोर मोडणार हाय आन् नीट बसवणार हाय."

आणि बैठकीच्या ज्या घोंगडीवर ढेब्यांच्या वैदाशिवाय कुणी बसत नसे तिच्यावर त्यानं पारूला बसायला सांगितलं, आणि स्वतः रोग्याच्या जागी जमिनीवर आडवा झाला.

बयाबाई मध्ये आली. "अवो, सून पाय लावणार तुमाला? चार लोकांत?"

"पाय न्हाई लावला तर हात जातुया. तुला नवऱ्याचा मान पायजे का हात?"

बयाबाईनं क्षणभर नवऱ्याकडं बघितलं, मग सुनेकडं. आणि तिनं स्वतःच्या हातानं लाकूड आणून त्याच्या कोपराखाली सरकवलं.

पारूनं सासऱ्याच्या पायांवर डोकं टेकवलं. उठली, पदर खोचला आणि डावा पाय त्याच्या दंडावर रोवला. चिमाजीनं तोंड उघडलं. "अंगठा उंचवट्याच्या जरा वर धर, आन् जोर..."

"मामा," पारू म्हणाली, "आता गप बसा."

लोक हसले. चिमाजीही हसणार होता, तेवढ्यात तिनं जोर केला. कडकन आवाज झाला तो पलीकडच्या टेकाडावर ऐकू गेला म्हणतात. चिमाजी ढेबे असा ओरडला की इतक्या वर्षांत त्याच्या अंगणात ओरडलेल्या सगळ्यांची फिट्टंफाट झाली. म्हादू अर्थातच आडवा झाला, आणि गेनबा कांदा शोधायला धावला.

मग बसवणं. तिनं हात ओढला, आणि तिचे दोन अंगठे हाडावरून पुढं सरकायला लागले. डोळ्यांत पाणी आलेलं, दात एकमेकांवर घट्ट, तरीही चिमाजीतला हाडवैद जागा होता. आता थांब, त्यानं मनात म्हटलं, ती थांबली. आता थोडं आत. तिचा अंगठा आत गेला. आता फिरव. तिनं फिरवलं. आपण मनात म्हणतोय आणि तिला ते आधीच ठाऊक आहे, हे कळल्यावर तो दुखणंच विसरला. पाच पिढ्यांची विद्या आपल्याबरोबर मसणात जाणार म्हणून तो मनातल्या मनात किती वर्षं झुरत होता, आणि ती तर त्याच्या पाठीमागं वाटी घेऊन उभी होती. हातावर लेप चढत होता, कांबट्या बांधल्या जात होत्या, आणि पडल्यापडल्या त्याला हसू आवरत नव्हतं. लोकांना वाटलं दुखण्यानं डोकं फिरलं.

हैबतीचा नारळ पारूनं फोडला. खोबरं सगळ्यांना पुरलं, बाजारला चाललेल्यांनासुद्धा.

फाल्गुनात पट्टी सुटली. उंचवटा गेला होता. तळवा आभाळाकडं वळला, जवळजवळ पुरता. शेवटचं बोटभर वळण काही आलं नाही. पारूचा चेहरा पडला. "माझंच चुकलं, मामा."

"तुझं न्हाई. दीड महिना वाया घालवला त्येचं हाय त्ये," चिमाजी म्हणाला. त्यानं ते इतकं सहज म्हटलं की त्यालाच नवल वाटलं. म्हशीची धार काढता येत होती, कुऱ्हाड चालत होती. लहानसहान हाडं तो बसवू शकला असता, मोठी नाही. आणि हे त्याला स्पष्ट दिसत होतं, जसं लोकांच्या चालीवरून त्यांचं दुखणं आता पुन्हा दिसायला लागलं होतं.

चार दिवसांनी सारोळ्याचा सावळाराम आला. गाडीवान. नीरेच्या काठावर गाडी कलंडून त्याची मांडी मोडली होती, आणि दोन दिवस बैलगाडीत हाल सोसत तो इथवर आला होता. भावांनी उचलून अंगणात ठेवला. चिमाजीनं उंबऱ्यातनंच बघितलं. "मांडीच्या मधोमध, हाड आत सरकलंय," म्हणाला, आणि घोंगडी अंथरली. सावळारामाला हुश्श झालं. त्यानं डोळे मिटले.

पण घोंगडीवर पंचविशीतली, डोईवर पदर घेतलेली बाई येऊन बसली, आणि चिमाजी त्याच्या उशाशी बसला. सावळारामानं डोळे उघडले. ताडकन उठायला गेला, दुखलं, परत आडवा झाला.

"आबा, ह्ये काय? म्या सारोळ्यावरनं तुमच्यापायी आलोय. बाईच्या हातात पाय देऊ व्हय?"

चिमाजीनं बाही वर सारली. आपला उजवा हात त्यानं सावळारामाच्या डोळ्यांपुढं धरला, तळवा जाईल तेवढा वर वळवला आणि मूठ मिटून उघडून दाखवली.

"हिनं मोडला, हिनंच बसवला. म्या चिमाजी ढेबे असून माझा सोताचा हात हिच्या हातात दिला, बाबा. तुझा तर निस्ता पाय हाय."